मिश्र पिक्सेल

गिरणेच्या अलीकडे, टेकाडावर आमचं केंद्र.
बाहेर पंचेचाळीस, आत अठरा,
कारण सर्व्हरला जळगावचं ऊन सोसत नाही.
वैशाखात आम्ही स्वेटर घालून
खानदेश बघतो.

वरून तो असा:
तापी काळी, शाईच्या ओघळासारखी.
रावेर-यावलच्या केळी लालभडक,
कारण आमच्या पडद्यावर हिरवं ते लाल,
जितकं जिवंत तितकं लाल.
पहिल्या वर्षी मला झोपेतही कडुलिंब लाल दिसायचा.
आता दिसत नाही. झोप चांगली लागते.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत नुरजीबाई आली,
चोपड्याच्याही वर, सातपुड्याच्या कुशीतल्या
सातआंबा पाड्याहून.
सोबत मुलगा, नायलॉनची पिशवी,
पिशवीत दुधाच्या पिशव्यांत गुंडाळलेले कागद.
"बस ना माय, खुर्ची शे ना," दगाबापू म्हणाले.
ती भिंतीला टेकून खालीच बसली
आणि गार वाऱ्यात कानांवरून पदर ओढून घेतला.

कागद नकाराचा होता.
सदर क्षेत्रावर सन २००५ च्या उपग्रह प्रतिमेत
लागवड आढळून येत नाही.
सही वरच्या साहेबांची, नकाशा आमचा,
आणि नकाशाच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत,
रेखांकन: सं. रं. सोनवणे.
म्हणजे मी.

बहुभुज क्रमांक अकराशे सत्तेचाळीस. झुडपी वन.
मला आठवेना.
त्या महिन्यात मी दिवसाला दोनशे काढत होतो.

उघडून पाहिलं.
पाऊण एकर म्हणजे साडेपाच चौकोन,
आणि एकही अख्खा तिचा नाही.
अर्धा नाल्याचा, अर्धा उताराचा,
आम्ही त्याला मिश्र पिक्सेल म्हणतो
आणि ज्या बाजूला जास्त लाल
त्या बाजूला ढकलून देतो.

पावरीत ती काहीतरी म्हणाली.
मुलानं मराठी केलं:
"आई विचारते, फोटो कोणत्या महिन्यातला?"
ऑक्टोबर.
"मग ज्वारी उभीच होती, म्हणते.
आणि वावरात मोहाची तीन झाडं आहेत. आजोबांच्या वेळची.
ती तोडली नाहीत."
थांबला. पुढचं त्याचं त्यानंच म्हटलं:
"तोडली असती, तर शेत दिसलं असतं का, सर?"

दगाबापू चहा आणतो म्हणाले आणि गेले.

मी पडद्याकडे बघत राहिलो.
ती मात्र पडद्याकडे बघतच नव्हती.
"मोह झडतो तेव्हाचा बघा," तिनं सांगून पाठवलं,
मुलाच्या तोंडून, दोन हातांवरून.
अठरा वर्षं मी हेच शिकवतो,
ऋतू, परावर्तन, वर्णपट,
पोरं वह्यांत उतरून घेतात.

संग्रहात मार्चचं दृश्य सापडलं.
ज्वारी निघालेली, मोह नागडा,
आणि लाल उताराच्या मधोमध
पाच राखाडी-निळे चौकोन,
सुकायला टाकलेल्या गोधडीच्या तुकड्यासारखे.
छापायला घेतलं तर निळी शाई संपलेली.
दुरुस्तीचं टिपण मी हातानं लिहिलं,
पहिल्या ओळीत माझं नाव, पूर्ण.
वर काय होईल ते माहीत नाही.

निघताना मुलगा म्हणाला,
"आई म्हणते, फोटो काढण्याआधी हाक मारायला पाहिजे होती.
तिनं वर बघितलं असतं."
पुन्हा कधी येणार तो?
मी तक्ता पाहून सांगितलं:
एकोणीस तारीख, सकाळी साडेदहाच्या सुमाराला.

तिनं बोटं मोजली.
माणूस दिसत नाही त्यात,
हे मी सांगणार होतो.
पण चोपड्याची गाडी पाच चाळीसची,
आणि फाटकापर्यंत लांब चालायचं होतं.

एकोणीसला आभाळ स्वच्छ होतं.
दृश्य बावीसला उतरलं.
हातात गिरणेच्या वाळूचं काम होतं, तातडीचं.
मी आधी तेच उघडलं.